पाचव्या बेटावरची चिकटपट्टी

१. शून्य

सोमवारी दुपारी घरात एक कागद आला आणि त्याने आत्याची भूक, आईची शिवण आणि बाबांची झोप अशा तीन गोष्टी एका फटक्यात उडवल्या.

आत्याने तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. अक्षरं काही बदलली नाहीत.

"दुसरा नमुना शून्य," ती म्हणाली. "आणि खाली लिहिलंय, नमुन्यांची अदलाबदल झाल्याची शक्यता नाकारता येत नाही. म्हणजे साध्या भाषेत, नर्सबाईंनी घोळ घातला."

नर्सबाई म्हणजे आत्या स्वतःच.

दारात दप्तर पाठीवर घेऊन चौकशी उभी होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटापुरतं. घरात ती चौकशी, कारण बोलायला लागल्यापासून तिने प्रश्नचिन्हाशिवाय वाक्य संपवलेलं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. स्टेशनवरची चौकशीची खिडकी जेवणाच्या सुट्टीत तरी बंद होते, आपली होत नाही, असं बाबा म्हणायचे. पूर्वी याने तिचे कान लाल व्हायचे. यंदा मात्र तिने ठरवलं होतं की नाव पडलंच आहे तर कमावून दाखवू.

"कोण म्हणतं घोळ? कुठे? कधी? आणि लाटूच्या जागेचं काय?" तिने एका दमात विचारलं.

खरा प्रश्न शेवटचाच होता.

लाटू म्हणजे तिची सहा वर्षांची बहीण. लाटूच्या अंगावर लाटा होत्या. पोटावर फिकट दुधाळ रेघा, वळणं घेत जाणाऱ्या, ओल्या वाळूत कुणी बोटं ओढावीत तशा. पाठीची डावी बाजू तर जवळजवळ सगळीच फिकट, आणि तिच्यात सात तपकिरी ठिपके. त्यांना लाटू 'बेटं' म्हणायची. रोज अंघोळीच्या वेळी ताईने ती बोटाने मोजून दाखवायची, हा घरचा कायदा होता. सध्या पाचव्या बेटावर चिकटपट्टी होती. जखम कधीच भरली होती, पण लाटूला चिकटपट्ट्यांचा भारी सोस. जुनी निघाली की ताईकडून त्याच जागी नवी लावून घ्यायची आणि शाळेत मिरवायची.

लाटांचं कुणाला काही वाटत नव्हतं. वाटायचं ते आकडीचं. महिन्यातून सहा-सात वेळा लाटू बोलता बोलता थांबायची, डावा हात ताठ व्हायचा आणि ती कुठेतरी निघून जायची. दोन-तीन मिनिटांनी परत यायची, दमून, आणि विचारायची, "मी काय म्हणत होते?" तिचं अर्धं वाक्य घरातलं कुणीतरी सांभाळून ठेवलेलं असायचं.

आता एक नवं औषध बारा मुलांना देऊन बघणार होते. अकरा मुलं ठरली होती. बाराव्या जागेसाठी लाटूचं नाव होतं. समितीची अट एवढीच, की त्वचेच्या दोन वेगवेगळ्या जागांचे नमुने तपासलेले हवेत. यादी गुरुवारी दुपारी बारा वाजता बंद.

"आज सोमवार," चौकशी म्हणाली. "म्हणजे आपल्याकडे तीन दिवस आहेत."

"कशाला?" आईने विचारलं.

"चोर शोधायला."

बाबांनी उशीवरून डोकं उचललं. "उघडली खिडकी," ते म्हणाले.

२. चिठ्ठ्यांचं पाप

तपास घरापासून सुरू करावा लागला, कारण पहिला संशयित समोरच बसून गार झालेला भात चिवडत होता.

"आत्या, मी तुझ्यावर संशय घेतला तर तू चिडशील?"

"घे. सगळं हॉस्पिटल घेतंय, तू कशाला मागे राहतेस?"

"नमुना घेतला तेव्हा तू काय काय केलंस ते सांग. काही गाळू नकोस."

आत्याने सांगितलं. लाटूच्या रक्तात काहीच सापडलं नव्हतं. तेव्हा त्वचेच्या डॉक्टर, ज्यांना सगळं हॉस्पिटल मोठ्या बाई म्हणतं, त्यांनी पोटावरच्या फिकट लाटेतून पेन्सिलीच्या टोकाएवढा तुकडा घेतला होता. त्यात आकडीमागचा बदल सापडला. मोठ्या बाईंनी तेव्हाच समजावलं होतं: बाळ आईच्या पोटात अगदी बारीक असताना एका पेशीच्या मजकुरात एक अक्षर चुकतं. पुढे त्या पेशीची जितकी पिल्लं, नातवंडं, पतवंडं होतात, त्या सगळ्यांत ती चूक उतरते. बाकीच्या पेशी मात्र स्वच्छ. मोझॅकच्या फरशीत दोन रंगांचे खडे असावेत तसं एकाच माणसात दोन प्रकारच्या पेशी. त्वचा आणि मेंदू सुरुवातीला एकाच थरातून घडतात, म्हणून काही चुकलेल्या पेशी त्वचेत गेल्या आणि काही मेंदूत. अंगावरच्या लाटा म्हणजे त्या पेशी चालत गेल्या त्या वाटा.

"हे मला पाठ आहे," चौकशी म्हणाली. "दुसऱ्या नमुन्याचं सांग."

"तेव्हा मोठ्या बाई लांबच्या रजेवर गेल्या होत्या. जाताना फॉर्म भरून गेल्या. नमुना शिकाऊ डॉक्टरांनी घेतला. मी पडद्याबाहेर नळी धरून उभी होते. त्याच सकाळी एका आजोबांचा तीळ काढला होता, तोही तपासायला जायचा होता. दोन्ही चिठ्ठ्या मी..." आत्या थांबली.

"तू काय?"

"मी दोन्ही चिठ्ठ्या आधीच लिहून ठेवल्या होत्या. सकाळी हात मोकळा होता म्हणून. असं करायचं नसतं. पेशंट समोर असताना लिहायची असते. वीस वर्षं मी नव्या मुलींना हेच शिकवते."

आई शिलाई मशीनवरून वळली. "म्हणजे वन्सं, लोकां सांगे ब्रह्मज्ञान?" आई तिला वन्सं म्हणाली की समजायचं, टाचणी टोचली आहे.

"वहिनी, तुम्ही तरी नका हो." आत्याचा आवाज चिरका झाला. "पोरीची जागा माझ्या आळसापायी गेली, तर मी या घरात कुठल्या तोंडाने जेवू?"

लाटू इतका वेळ मशीनखाली बसून चिंध्यांची माळ करत होती. ती बाहेर आली, आत्याच्या ताटातला पापडाचा तुकडा उचलून म्हणाली, "याच तोंडाने जेव. दुसरं कुठून आणणार?"

३. चपलेचा अंगठा

मंगळवारी शाळा सुटल्यावर चौकशी थेट हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी गेली. तिथल्या बाकावर खोकेवाले काका बसलेले असतात. हॉस्पिटलमधले नमुने बर्फाच्या खोक्यात घालून दोन गल्ल्या पलीकडच्या प्रयोगशाळेत पोचवणं हे त्यांचं काम.

"काका, त्या दिवशी खोकं वाटेत कुठे ठेवलं होतंत?"

"ठेवलं म्हणजे? खोकं माझ्या हाताला शिवलेलं असतं."

"मग तुमच्या येण्याजाण्याच्या वहीत वीस मिनिटं उशीर कसा लिहिलाय? एरवी तुम्ही सात मिनिटांत पोचता. मी मागची चार पानं पाहिली."

काकांनी बाकाखाली पाय ओढून घेतले. चौकशीने नेमके पायच पाहिले. डाव्या चपलेचा अंगठा नवाकोरा, उजव्याचा झिजलेला.

"तुटला होता," काका हळूच म्हणाले. "एका पायावर लंगडत कुठवर जाणार? कोपऱ्यावर शिवून घेतला. पण खोकं मांडीवर होतं. चांभार म्हणाला खाली ठेवा, मी म्हटलं, बाबा रे, यात माणसं आहेत."

"झाकण उघडलं होतं?"

"उघडलं होतं. बर्फ सरकला होता तो नीट केला." मग ते एकदम ताठ बसले. "पण घोटाळा नाही होऊ शकत, पोरी. तुझ्या बहिणीचा तुकडा गुलाबी पाण्याच्या नळीत होता. त्यात पेशी जगतात म्हणे. आजोबांचा तीळ जाड बाटलीत, नाक जळेल अशा वासाच्या पाण्यात. आंधळ्याला सुद्धा फरक कळेल. मी सही करून देतो."

चौकशीने आपल्या वहीत एक रेघ मारली. काका खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा माणूस चपलेची गोष्ट आधी सांगतो, विचारल्यावर नाही.

पण तुकडे नळीत आणि बाटलीत पडण्याआधीच उलटसुलट झाले असतील तर? आत्याच्या हातात?

हा प्रश्न विचारायची तिला पहिल्यांदाच भीती वाटत होती. तरी ती त्याच रस्त्याने प्रयोगशाळेकडे चालू लागली.

४. सूक्ष्मबाईंचं उत्तर

प्रयोगशाळेतल्या बाई इतक्या बारीक आवाजात बोलायच्या की चौकशीने त्यांचं नाव भेटल्याच्या दुसऱ्या मिनिटाला सूक्ष्मबाई ठेवलं.

"दुसऱ्या कुणाची माहिती मी देणार नाही," सूक्ष्मबाई म्हणाल्या. "आणि तुझ्या बहिणीची तुला देणार नाही. तू लहान आहेस."

चौकशीने दप्तरातून आईची सही असलेली चिठ्ठी काढली. त्यात लिहिलं होतं: माझ्या धाकट्या मुलीबद्दलची सगळी माहिती माझ्या मोठ्या मुलीला द्यावी, नाहीतर ती तुम्हाला घरी जाऊ देणार नाही.

सूक्ष्मबाई हसल्या. हसू मात्र चांगलं मोठं होतं.

"विचार."

"दुसरा नमुना कुणाचा आहे हे कळू शकतं? नुसत्या चिठ्ठीवरून नाही, आतून?"

सूक्ष्मबाईंची भुवई वर गेली. "कळू शकतं. प्रत्येक माणसाच्या मजकुरात हजारो बारीकसारीक फरक असतात. आजाराशी त्यांचा संबंध नसतो. ते जुळवले की माणूस ओळखता येतो. खरं तर पत्र लिहिण्याआधीच कुणीतरी हे करायला हवं होतं." त्या खुर्चीवर सरळ झाल्या. "कुणीतरी म्हणजे आमच्यापैकीच. घाई होती. आम्ही एक शून्य पाहिलं आणि बोट बाहेर दाखवून मोकळे झालो."

"किती वेळ लागेल?"

"माहिती आहेच संगणकात. रक्त, पोटाचा नमुना आणि हा. शेजारी शेजारी ठेवायचे. उद्या ये."

बुधवारी चौकशीचा भूगोलाचा तास कसा गेला ते भूगोलालाच ठाऊक. सुट्टीची घंटा आणि तिची धाव यांत फारसं अंतर नव्हतं.

सूक्ष्मबाई दारातच उभ्या होत्या.

"आजोबांचा नाही," त्या म्हणाल्या. "तो तर पुरुषाचा दिसला असता. हा मुलीचा आहे."

"कुठल्या मुलीचा?"

"तुझ्या बहिणीचा. रक्त, पोट, पाठ, तिन्ही तिचेच. अदलाबदल झालेली नाही. तुझ्या आत्याच्या हातून काहीही चुकलेलं नाही."

आनंदाने चौकशीने सूक्ष्मबाईंना मिठीच मारली असती, पण अर्ध्या वाटेत तिचे हात थांबले. चोर नाही, चोरी नाही, आत्या निर्दोष. आणि तरी कागदावर शून्य तसंच. संशय तरी बरा होता; आता समिती म्हणणार, मुलीचाच नमुना आहे आणि त्यात काही नाही. म्हणजे बदलच नाही. म्हणजे जागाही नाही.

अदलाबदल झाली असती तर बरं झालं असतं, अशा ठिकाणी ती येऊन पोचली होती.

५. स्वच्छ दिसत होते

शिकाऊ डॉक्टर हॉस्पिटलच्या जिन्यात उभ्याने बिस्किटं खात होते. बसून खायला त्यांना सहा महिन्यांपासून जमलं नव्हतं. पुढच्या महिन्यात त्यांची शेवटची परीक्षा होती आणि परीक्षक मोठ्या बाई.

"मी फॉर्मवर लिहिलंय तसंच केलं," चौकशीने तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले. खिशातून त्यांनी फॉर्मची घडी काढली. शून्याचं पत्र आल्यापासून ती ते जवळच बाळगत होते. "हे बघ. मोठ्या बाईंचं अक्षर. 'पाठ, डावी बाजू. डागाचा नमुना घ्यावा.' डाग बघितला, जागा बधिर केली, तुकडा घेतला, टाका घातला. तुझी बहीण रडली सुद्धा नाही. फक्त म्हणाली, दादा डॉक्टर, चिकटपट्टी चित्राची द्या."

"डाग शोधायला त्रास झाला?"

"छे. स्वच्छ दिसत होते. सात होते. त्यातला ठळक घेतला."

"नीट दिव्याखाली बघितलंत?"

"खिडकीपाशी. भर सकाळी." त्यांचा चेहरा उतरला. "मी रात्ररात्र तेच आठवतोय. मी काय चुकलो? काहीच सापडत नाही. तुला सापडलं तर मला सांगशील?"

त्यांनी उरलेली दोन बिस्किटं तिला दिली. चौकशीने ती खाल्ली, पण चव लागली नाही. तीन दिवसांत तिने चार माणसांना विचारलं होतं आणि चौघंही खरं बोलली होती. खोटं बोलणारा एक जरी भेटला असता तरी काम सोपं झालं असतं.

उद्या सकाळी मोठ्या बाई रजेवरून येणार. आत्याला त्यांचा निरोप आलाच होता: नमुना संशयास्पद, या वर्षी अर्ज मागे घेऊ, पुढच्या वर्षी बघू.

पुढचं वर्ष म्हणजे लाटूची आणखी सत्तर-ऐंशी अर्धी वाक्यं.

६. जमीन कुठली

घरी पुढच्या खोलीत, म्हणजे आईच्या पडद्यांच्या दुकानात, वेगळंच युद्ध पेटलं होतं. एक गिऱ्हाईक बाई पडदा हातात धरून उभ्या होत्या आणि आई कंबरेवर हात ठेवून.

"मी सांगितलं होतं, कापडाच्या जमिनीच्या रंगाचं अस्तर लावा," बाई म्हणाल्या. "तुम्ही पांढरं लावलंत."

"जमीन पांढरीच आहे," आई म्हणाली.

"अहो, डोळे आहेत का? निळं कापड आहे आणि त्यावर पांढरी पानं."

चौकशीने पाहिलं. कापडावर निळा रंग भरपूर होता आणि त्यात पांढऱ्या पानांचे आकार. कुणीही म्हणालं असतं, जमीन निळी, नक्षी पांढरी.

"जे जास्त दिसतं ती जमीन नसते, बाई," आई म्हणाली. आता तिचा आवाज शिकवण्याचा झाला होता. "छापणारा कधी कधी नक्षीच इतकी पसरवतो, की मूळ कापड ठिपक्यांपुरतं उरतं. मग आपल्याला वाटतं, उरलेले ठिपके म्हणजेच नक्षी. असं असलं की मधे बघायचं नाही. काठाला बघायचं. छपाई काठापर्यंत जात नाही. तिथे जो रंग दिसेल ती जमीन." तिने पडद्याची शिवण उलटून कापडाचा काठ काढून दाखवला. पांढरा, सरळ, बोटभर रुंद.

बाईंनी काठ पाहिला, आईला पाहिलं, आणि "बरं, बरं," म्हणत पडदा पिशवीत कोंबला.

चौकशी मात्र जागची हलली नाही.

"लाटू," ती म्हणाली, "इकडे ये."

"मी काही केलं नाही," मशीनखालून आवाज आला.

"माहितीये. नुसती ये."

लाटू आली. चौकशीने तिचा उजवा हात धरला, जिथे एकही लाट पोचली नव्हती. मग गाल पाहिला, मग कपाळ. सगळं एकसारखं, आईसारखं, बाबांसारखं, तिच्या स्वतःसारखं तपकिरी. हा लाटूचा काठ.

मग तिने लाटूचा फ्रॉक पाठीकडून वर केला. फिकट रंग सगळीकडे पसरलेला आणि त्यात सात तपकिरी ठिपके. सात. 'स्वच्छ दिसत होते. सात होते.'

आणि पाचव्यावर चिकटपट्टी. जी गेले कित्येक दिवस कोण लावत होतं? तीच. रोज, स्वतःच्या हाताने, न चुकता त्याच बेटावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे कळसा तिने स्वतःच चिकटवला होता.

"आई," ती म्हणाली, "डाग म्हटलं की तुझ्या डोळ्यासमोर कुठला रंग येतो?"

"काळपट," आई म्हणाली. "शाई, तेल, असलं काहीतरी. का गं?"

"सगळ्यांच्याच येतो," चौकशी म्हणाली, आणि खाली बसून खो खो हसायला लागली.

७. एका शब्दाचा गुन्हा

गुरुवारी सकाळी नऊ वाजता मोठ्या बाईंच्या खोलीत पाच माणसं आणि एक लाटू होती. आई, आत्या, शिकाऊ डॉक्टर, चौकशी, आणि टेबलामागे खुद्द मोठ्या बाई, समोर अर्ज मागे घेण्याचं पत्र, हातात पेन.

"दहा मिनिटं," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुझी आत्या म्हणते ऐकण्यासारखं आहे."

चौकशी उभी राहिली. शाळेत वक्तृत्वस्पर्धेत गेल्या वर्षी तिची दातखीळ बसली होती. आज दातांना तशी फुरसत नव्हती.

"नमुना बदललेला नाही. प्रयोगशाळेने जुळवून पाहिलंय, हा त्यांचा कागद. काकांनी सांडला नाही, आत्याने चुकवला नाही. दादा डॉक्टरांनी फॉर्मवर लिहिलं होतं तेच केलं. आता मला सांगा, तुम्ही फॉर्मवर 'डाग' लिहिलंत तो कुठल्या रंगाचा?"

"फिकट, अर्थात. बदल फिकट त्वचेत आहे."

"आणि दादा डॉक्टर, तुम्ही घेतलात तो?"

शिकाऊ डॉक्टरांनी खिशातली फॉर्मची घडी उलगडली. "तपकिरी. सात होते. फिकट पाठीवर तपकिरी डाग..." ते मधेच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर दिवा लागला आणि लगेच घामही आला.

लाटूने स्वतःहून पाठ वळवली. आत्याने चिकटपट्टी अलगद काढली. खाली बारीक गोल खूण होती, तपकिरी ठिपक्याच्या बरोबर मधोमध.

"पोटावर लाटा थोड्या आहेत, म्हणून त्या डागासारख्या दिसतात," चौकशी म्हणाली. "पाठीवर लाटांनी सगळं व्यापलंय, म्हणून उरलेली चांगली कातडीच डागासारखी दिसते. ज्याने पोट बघितलंय तो पाठही बरोबर वाचेल. ज्याने आधी पाठच बघितली तो उलटं वाचेल. दादा डॉक्टरांनी लाटूची चांगली कातडी तपासायला पाठवली. मग शून्य येणार नाही तर काय येणार?"

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं.

"तीस वर्षं मी 'डाग' लिहितेय," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं नाही, कुठला."

"पण नवा नमुना घ्यायला आता वेळ नाही ना?" आईने विचारलं. तिने लाटूचा हात इतका घट्ट धरला होता की लाटूने एकेक बोट सोडवून घेतलं.

"नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "पेशी वाढायलाच आठवडे लागतात."

"नवा कशाला?" चौकशी म्हणाली. "समितीची अट काय आहे? दोन वेगळ्या जागांचे नमुने. दोन्हींत बदल हवा असं कुठे लिहिलंय? मी पत्र तीनदा वाचलं. आणि समिती दोन जागा मागते तरी कशाला?"

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या हळूहळू, मोजून बोलायला लागल्या. "बदल खरा आहे आणि तो अंगभर नाही, काही भागांतच आहे, हे कळावं म्हणून. दुसराही फिकट जागेचा असता, तर पहिल्याचीच उजळणी झाली असती. फिकट जागेत बदल आहे. त्याच मुलीच्या तपकिरी जागेत नाही, रक्तात नाही. याहून चांगला पुरावा मला मागून सुद्धा मिळाला नसता." त्या थांबल्या. "फक्त एक अडचण आहे. कागदावर दुसरा नमुना 'डागाचा' आहे. तो तपकिरी त्वचेचा होता असं ज्याने घेतला त्यानेच लिहून द्यावं लागेल. सहीनिशी. समितीकडे ते कायम राहील."

सगळ्यांच्या माना शिकाऊ डॉक्टरांकडे वळल्या. पुढच्या महिन्यात परीक्षा, परीक्षक समोर, आणि स्वतःच्या हाताने लिहायचं की मी चुकीच्या जागेचा तुकडा घेतला. ते नाही म्हणाले असते, तर कुणी जबरदस्ती करू शकलं नसतं.

"दादा डॉक्टर," लाटू म्हणाली, "तुम्हाला अक्षर येत नाही का? ताई सांगेल."

शिकाऊ डॉक्टर हसले, म्हणजे निम्मं हसले, आणि हात पुढे केला. "पेन द्या, मॅडम."

त्यांनी लिहिलं. मोठ्या बाईंनी त्याखाली स्वतःची ओळ लिहिली: मूळ सूचनेतील शब्द संदिग्ध होता, जबाबदारी माझी. मग अर्ज मागे घेण्याचं पत्र चार तुकडे करून टोपलीत टाकलं. आत्या टेबलाच्या कडेला टेकून उभी होती. तिने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिली.

"औषधाने आकड्या थांबतीलच असं मी म्हणणार नाही," मोठ्या बाई आईला म्हणाल्या. "कमी होतील अशी आशा आहे. लाटा तशाच राहतील."

"राहू देत," लाटू म्हणाली. "त्या माझ्या आहेत."

साडेदहाला कागद गेले. आत्या हॉस्पिटलात थांबली, बाकीचे घरी आले. आई मशीनवर बसली, कारण हात रिकामे ठेवणं तिला जमेना. एक लांबलचक पडदा तिने सुईखाली घातला आणि शिवत सुटली. साडेअकरा झाले. पावणेबारा. बाबांनी तेच वर्तमानपत्र पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

बाराला सात मिनिटं कमी असताना फोन वाजला. चौकशीने तो पहिल्या घंटेलाच उचलला, ऐकला, आणि आईकडे वळली.

"बारावी," ती म्हणाली. "लाटू बारावी."

आईचा पाय पायडलवरून निघाला नाही, मशीन चालतच राहिलं. सरळ रेषेत शिवण घालण्यात जिचा हात कुणी धरू शकत नसे, तिची शिवण वळली, पडद्यावरून तिरकी उतरली, कापड संपलं तरी पुढे गेली, आणि दोरा नुसता हवेत फिरत राहिला. मग तिने कपाळ मशीनवर टेकवलं.

ती शिवण उसवायला आईला पाऊण तास लागला. पूर्ण वेळ ती गुणगुणत होती आणि लाटू सुटलेल्या दोऱ्याचा गुंडा करत होती.